पहिला मासा गंगेचा

इसरू मांढरे गेल्या पौषात वारला. चिचटोल्याच्या तलावावर दोन पिढ्यांनी ज्याच्या हातच्या जाळ्यांनी मासे धरले, त्याच्या घरात मरणाच्या दिवशी एकही जाळं नव्हतं. लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावला. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याचे डोळे गेले होते. कोणी म्हणालं, आता बाजारात तयार जाळी मिळते, हाताने विणलेली कोण घेतो. त्याची नात रंजीता क्रीडा वसतिगृहातून मयतीला आली होती. राख सावडून परत निघताना तिने मला बसथांब्यावर गाठलं.

"सर, आबाजीनं जाळे विणणं काऊन सोडलं होतं? तुमाले मालूम असन."

"डोळे अधू झाले होते, बाई," मी म्हणालो.

ती बसमध्ये चढली. मी खोटं बोललो होतो. आपल्याला खोटं बोलता येत नाही अशी माझी स्वतःबद्दल मोठी समजूत होती, ती त्या बसथांब्यावर संपली. म्हणून हे लिहायला बसलो आहे. तिला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, कागदावर तरी होते का बघतो.

मी मुलचेऱ्याच्या शाळेत खेळाचा मास्तर. मूळचा सिंदेवाहीचा, कबड्डीचा माणूस. फुटबॉल मी वयाच्या तिसाव्या वर्षी, तोही नियमांच्या पुस्तकातून शिकलो. तरी दरवर्षी चिचटोला आणि माधवनगर यांच्या सामन्यात शिट्टी माझ्याच तोंडात असायची, कारण मी दोन्हीपैकी कुठल्याच गावाचा नव्हतो. याखेरीज माझी काही पात्रता होती असं मला आजही वाटत नाही.

ही दोन गावं एकाच मोठ्या तलावाच्या दोन बाजूंना आहेत. चिचटोला जुनं, धान पिकवणाऱ्यांचं आणि मासे धरणाऱ्या ढिवरांचं. माधवनगर साठेक वर्षांपूर्वी सरकारने वसवलेलं, पूर्व बंगालातून उठून आलेल्या लोकांचं. दोन्हीकडे भात, दोन्हीकडे मासे, दोन्हीकडे एकेक हायस्कूल. एवढं सगळं सारखं असल्यावर भांडायला काहीतरी हवं होतं, ते फुटबॉलने पुरवलं. माधवनगरची पोरं चालायला लागली की लाथ मारायला लागतात. चिचटोल्याची पोरं त्यांना हरवायचं म्हणून खेळायला शिकली, आणि मुलांच्या सामन्यात ओळीने अकरा वर्षं हरली. सामन्याच्या आठवड्यात बुधवारच्या बाजारात माधवनगरच्या भाजीवाल्या बाया चिचटोल्याच्या गिऱ्हाइकाला मुद्दाम विचारायच्या, "कितना गोल पाहिजे?" आणि भोपळा पुढे करायच्या. मग चिचटोल्याच्या बाया आठवडाभर भोपळ्याची भाजी करायच्या नाहीत.

जाण्या-येण्याचीही एक रीत पडून गेली होती. दोन गावांमधला जवळचा रस्ता तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून जातो, दहा मिनिटांचा. सडकेने गेलं तर तलावाला वळसा घालून तीन किलोमीटर. सामना संपला की जिंकलेले पाळीवरून वाजतगाजत निघायचे आणि हरलेल्यांनी सडकेने घरी जायचं. सामना आपल्याच गावात असला तरी हरलेल्या पोरांना सडकेवर एक फेरी मारून यावं लागायचं. कोणी हा नियम केला ते कोणालाच माहीत नाही. पण हरलेलं पोरगं पाळीवर दिसलं तर त्याची आईसुद्धा त्याला परत पाठवायची.

या सगळ्यात इसरूचं काम गोलच्या जाळीचं. गोल झाला की नाही यावरून एका वर्षी इतकी हाणामारी झाली की दोन्ही हेडमास्तरांनी मिळून ठरवलं, खांबांना जाळी बांधायची. आणि जाळी म्हटल्यावर इसरूशिवाय कोणाचं नाव निघणार? त्याने दोन्ही शाळांसाठी नायलॉनच्या दोरीच्या जाळ्या विणल्या. चिचटोल्याच्या लोकांनी कुरकुर केली, आपल्यासाठी विण, त्यांच्यासाठी काऊन विणतो? इसरू म्हणाला, "जाळ्याले मासा कोन्या गावचा हाये थे समजत नाई."

ठेंगणा माणूस, काळाकुळकुळीत, बोलणं बेतानेच. हातात सतत लाकडी सुई. बोलताना, ऐकताना, तंबाखू चघळताना त्याची बोटं गाठी मारत असायची. प्रत्येक ढिवराची गाठ वेगळी असते, असं तो सांगायचा. आपल्याला सगळ्या सारख्या दिसतात. एकदा तलावावर जाळं चोरीला गेलं आणि दोघं जण एकाच जाळ्यावर हक्क सांगू लागले. त्यातला एक इसरूचा सख्खा साळा होता. इसरूने गाठी बोटाखाली घेतल्या, दोन हात जाळं चाळलं आणि साळ्याला म्हणाला, "हे तुयं नाई." गुणाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, भावासाठी आठ दिवस अबोला धरला. पण त्या दिवसापासून तलावावरचा कुठलाही तंटा इसरूच्या तोंडावर सुटायचा. मच्छीमार सोसायटीचे कागद एकीकडे आणि इसरूचा शब्द एकीकडे.

त्याचा सोबती म्हणजे माधवनगरचा श्रीहरी मंडल. वीस वर्षं दोघं एका डोंग्यातून जाळं टाकायचे. श्रीहरी त्याला इसरूदा म्हणायचा. सामन्याच्या दिवशी दोघं एकमेकांचं तोंड पाहत नसत आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा एकाच डोंग्यात असत. श्रीहरीची मुलगी शेफाली आणि इसरूची नात रंजीता या दोघी त्या डोंग्याच्या आसपासच मोठ्या झाल्या. रंजीताचा बाप साप चावून गेला, तेव्हा ती चार वर्षांची होती. आईने दुसरं घर केलं. पोर आजा-आजीकडे राहिली.

आता या पोरींमुळेच गोष्ट वेगळी झाली. मुलींचे फुटबॉलचे सामने आमच्या तालुक्यात उशिरा सुरू झाले. चिचटोल्याला अकरा वर्षांत जे जमलं नाही ते रंजीता गोलमध्ये उभी राहिली आणि जमेल असं वाटू लागलं. लांब हाताची, बिनभीतीची पोर. आजाबरोबर मासे झेलून झेलून तिच्या हाताला ओल्या, निसरड्या वस्तूची सवय होती. आणि समोर माधवनगरकडून शेफाली. तिची एक लाथ होती, खाली, जमिनीला घासून, डाव्या खांबाच्या मुळाशी. रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीखाली बाभळीच्या दोन खुंटांमध्ये ती तेवढा एकच नेम धरायची. मी स्वतः पाहिलं आहे. अशी लाथ मी पंधरा वर्षांच्या नोकरीत दुसऱ्या कोणाची पाहिली नाही, मुलांचीसुद्धा नाही.

तीन वर्षांपूर्वीचा तो सामना. तालुक्याची अंतिम फेरी, मैदान चिचटोल्याचं. जो संघ जिंकेल तो जिल्ह्याला जाणार होता, आणि जिल्ह्याला क्रीडा वसतिगृहाचे लोक मुली निवडायला येणार होते. राहणं, खाणं, शिक्षण फुकट. शेफाली दहावीत होती, तिची ती शेवटची संधी. घरी तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालेलं होतं आणि श्रीहरीने बायकोला सांगून ठेवलं होतं, निवड झाली तर लग्न नाही. रंजीता नववीत. पण पुढच्या वर्षी तिचा आजा तिला शाळेत ठेवू शकेल की नाही, याची खात्री आजालाही नव्हती. दोघींनाही हे माहीत होतं. मलाही माहीत होतं, आणि पंचाला असल्या गोष्टी माहीत नसलेल्या बऱ्या.

त्या वर्षी मैदानाच्या तलावाकडच्या गोलची जुनी जाळी उंदरांनी खाल्ली होती. इसरूने नवी विणून दिली. इथे मला त्याची एक रीत सांगितली पाहिजे, जी मला तेव्हा माहीत नव्हती. नवं जाळं पुरं झालं की इसरू खालच्या कोपऱ्यातली एक गाठ मारायचा नाही. जाळ्याच्या दोन घरांचं, म्हणजे दोन भोकांचं मिळून एक मोठं घर तिथे उघडं राहायचं. नवं जाळं पहिल्यांदा टाकायचं, एक मासा त्या उघड्या घरातून जाऊ द्यायचा आणि मग गाठ मारायची. पहिला मासा गंगेचा. तिचा तिला दिल्याशिवाय जाळं बंद करायचं नाही. त्याच्या बापाने असंच केलं, त्याच्या आजाने असंच केलं. गोलच्या जाळीतही तो सवयीने तसंच घर सोडायचा. सामन्याच्या सकाळी कोणत्या तरी पोराला तिथून एक बॉल मारायला लावायचा, आणि बॉल पलीकडे गेला की गाठ मारून मोकळा व्हायचा. पोरांना ती गंमत वाटायची.

त्या सकाळी पाऊस होता. दुर्गापूजेच्या आधीचा आठवडा, धान निसवलेलं, तलाव काठोकाठ. मैदानात पाणी साचलं, ते बादल्यांनी काढता काढता दोन वाजले. जाळी घाईघाईने बांधली आणि मी शिट्टी वाजवली. बॉल मारायचा राहून गेला. इसरू नेहमीसारखा जाळीमागे चवड्यावर बसला, सुई घेऊन, म्हणजे कुठे तुटलंफुटलं तर लगेच शिवता येईल. दोरीच्या पलीकडे दोन्ही गावं उभी होती. माधवनगरवाल्यांनी पूजेसाठी आणलेला ढाक, त्यांचा मोठा ढोल, आधीच मैदानावर आणून ठेवला होता. एवढी खात्री बरी नव्हे, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

पूर्वार्धात गोल झाला नाही. बाजू बदलल्या. रंजीता तलावाकडच्या गोलमध्ये आली, नव्या जाळीसमोर. तिचा आजा तिच्या पाठीमागे दहा हातांवर.

उत्तरार्धाची दहा मिनिटं झाली असतील. शेफालीला उजवीकडे बॉल मिळाला. दोघींना चुकवून ती आत आली आणि तिने तीच लाथ मारली. खाली, घासून, डाव्या खांबाच्या मुळाशी. रंजीताने अंग टाकलं. चिखल उडाला. मी तीस पावलं मागे होतो, कारण मैदान निसरडं होतं आणि माझं पोट तेव्हाही आजच्याइतकंच होतं. मला दिसलं ते एवढंच की बॉल जाळीच्या मागे, तलावाच्या बाजूला घरंगळत चालला आहे. जाळी हललीसुद्धा नाही. लाइनवर उभे असलेले मास्तर नुकत्याच पडलेल्या उन्हाकडे तोंड करून डोळे मिचकावत होते.

मी बाहेरचा इशारा केला.

माधवनगरच्या मुलींनी मला घेरलं. "गोल! सर, गोल! आत गेला!" शेफाली ओरडत नव्हती. ती जाळीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून उभी होती. मी जाळीकडे पाहिलं. दोरी ओली होऊन लोंबत होती, घरं एकमेकांवर पडली होती, त्यात एक मोठं घर आहे हे दुरून कोणाच्या बापालाही कळलं नसतं. जवळ जाऊन हाताने चाचपायला हवं होतं. मी गेलो नाही. बाजूलाच इसरू बसला होता ना. ज्याच्या शब्दावर तलाव चालतो, तो असताना मी कशाला चिखलात वाकू?

"इसरूभाऊ," मी ओरडून विचारलं, "बॉल जाळीतून गेला का?"

इसरू उभा राहिला. त्याच्या समोर, जाळीच्या अलीकडे, रंजीता गुडघ्यांवर बसली होती. तोंडभर चिखल. तिने मागे वळून आजाकडे पाहिलं.

"जाळी कुठीच फाटली नाई, सर," इसरू म्हणाला.

मी समाधानाने मान हलवली. खेळ सुरू केला. दोरीपलीकडे श्रीहरी मंडल उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, मला शिवी देत होता पण गिळली. मी मनातल्या मनात त्याच्या सभ्यपणाचं कौतुक केलं.

माधवनगरच्या पोरींचं चित्त उडालं ते उडालंच. रडत, चिडत खेळत होत्या. शेवटच्या पाच मिनिटांत गोंधळात एक बॉल त्यांच्याच बचाव करणारीच्या पायाला लागून आत गेला. चिचटोला एक, माधवनगर शून्य. बारा वर्षांत पहिल्यांदा. बाया नाचल्या. गुणाबाईने नवऱ्याला गुलाल लावायला शोधलं, तर तो जाळी सोडवत बसलेला. लोकांनी रंजीताला उचलून पाळीवरून नेलं. माधवनगरवाले सडकेने गेले, ढाक बैलगाडीत घालून, न वाजवता. मी मागे राहून सामान गोळा करत होतो, तेव्हा इसरू जाळीच्या कोपऱ्यात काहीतरी शिवताना दिसला.

"फाटली नाही म्हणत होता ना?" मी हसून विचारलं.

"एक गाठ राह्यली होती," तो म्हणाला. मान वर केली नाही.

आणि मी हसलो. देवाशपथ सांगतो, मी हसलो, आणि मोटारसायकलला किक मारून मुलचेऱ्याला गेलो.

पुढचं रंजीताला माहीत आहे. जिल्ह्याला तिने तीन सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, तिची निवड झाली, ती गेली. तिच्यावर माझा राग नाही, कोणाचाच असू नये. तिच्या पाठीमागे काय चाललं होतं हे तिला कसं दिसणार? तिथे तिने मेहनत केली, आज ती बारावीला आहे, विभागाकडून खेळते. ती वर्षातून एकदा फोटो पाठवायची. गुणाबाई ते फोटो घेऊन गावभर फिरायची. इसरू पाहायचा नाही. म्हणायचा, "डोये दुखतेत." ती गेली त्याच दिवसांत त्याने सुई चुलीत घातली. डोंग्यात जाणं बंद केलं. श्रीहरी दोनदा बोलवायला आला, इसरू घरातून बाहेर आलाच नाही. तिसऱ्यांदा श्रीहरी आला नाही.

शेफालीचं लग्न अठरा पूर्ण झाल्याच्या महिन्यात झालं, तिकडे राज्याच्या सीमेपलीकडे, पखांजूरच्या बाजूला. दहावीच्या परीक्षेनंतर तिने बॉलला पाय लावला नाही, असं तिच्या मैत्रिणी सांगतात. बाभळीचे दोन खुंट अजून आहेत. तिथे आता म्हशी बांधतात.

एक गोष्ट मला खटकायची. इसरूला कधी माधवनगरला जावं लागलं, दळणाला किंवा दवाखान्यात, तर तो सडकेने जायचा. तीन किलोमीटर. पाळीवर पाय ठेवायचा नाही. म्हाताऱ्याला दम लागायचा, वाटेत दोनदा बसायचा. मी एकदा मोटारसायकलवर घेतलं आणि विचारलं, "इसरूभाऊ, तुम्ही तर जिंकलेले. तुम्ही सडकेनं कशाला?" तो उतरताना फक्त म्हणाला, "सर, एखाद्या दिवशी घरी या."

गेलो मी गेल्या कार्तिकात. त्याला बरं नव्हतं, छातीत कफ भरलेला. गुणाबाई पाणी आणायला गेली तशी त्याने मला सगळं सांगितलं. उघडं घर, पाऊस, राहून गेलेला बॉल. मी मास्तरासारखा उखडलो.

"अहो, मग तुम्ही जाळीमागे सुई घेऊन बसला होता ना? आठवलं तेव्हाच एक गाठ मारायची!"

"आठोलं होतं," इसरू म्हणाला. "बाजू बदलली तेवाच आठोलं. सुई हातात होती. पन पह्यला मासा गेल्याबिगर गाठ कशी मारू? तिचं तिले देल्याबिगर? मी वाट पाहून राह्यलो होतो. म्हनलं, एखांदा बाहेर गेलेला बॉल जाईन त्या घरातून, मंग बांधतो."

"आणि तो गेला."

"गेला. माह्या डोयासमोरून गेला. घरातून सरळ. जसा मासा जाते तसा." थोडा वेळ तो खोकत राहिला. "तुमी इचारलं, आन् पोरीनं माह्याकडं पाह्यलं. तिचा बाप नाई, सर. मी म्हनलं, एकडाव. जिंदगीत एकडाव."

चूक त्याची होती, पण वाकून जाळी न चाचपणारा मी होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आम्हा दोघांची ती मूठ तीन वर्षं झाकलेली होती, आणि त्यात एका पोरीचं सगळं होतं.

"मले श्रीहरीकडं न्या," इसरू म्हणाला. "मेल्यावर सांगता येनार नाई."

मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं, कमरेला गमछाने बांधून घेतलं. पाळीकडे वळलो तर त्याने पाठीवर थाप मारली. "सडकेनं." मग सडकेनेच गेलो.

श्रीहरी अंगणात बसून बांबूची चटई दुरुस्त करत होता. इसरूला पाहून उठला, बाज टाकली, आतून पाणी मागवलं. तीन वर्षांत दोघं समोरासमोर आले नव्हते. श्रीहरीचे केस पांढरे झाले होते. शेफालीला मुलगा झाल्याचं त्याने सांगितलं. मी अभिनंदन केलं. इसरूने केलं नाही. तो बाजेवर न बसता खाली मातीत बसला.

"श्रीहरी," तो म्हणाला, "थो गोल होता."

श्रीहरीने हातातली कांब खाली ठेवली.

"मले मालूम होता, इसरूदा."

मी आधी समजलोच नाही. इसरूही नाही.

"वीस साल तुझ्यासोबत जाळी टाकला," श्रीहरी म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "नवी जाळी केली की तू घर सोडते. पहिला मासा सोडते. मी हसत होतो तुले, याद हाय? त्या दिवशी नवी जाळी होती. बॉल गेला तवा मी लगेच समजलो."

"मंग काऊन नाई बोलला?" इसरूचा आवाज फुटला. "तिथीच काऊन नाई बोलला माह्या तोंडावर? लाथ काऊन नाई मारली मले?"

"मी बोललो असतो तर बापाची बात झाली असती," श्रीहरी म्हणाला. "बापाचा कोण ऐकते? तुझा सगळा गाव ऐकते. माझा गाव पण ऐकते. सरने तुले विचारला, तवा मी म्हणलो, आता झाला. इसरूदा सांगेल. तू साळ्याचा बाजू नाही घेतला, मग माझा हक कसा नाही सांगणार. मी तुझ्याकडे पाहत उभा होतो."

घरातून भांड्याचा आवाज येत होता. इसरू दोन्ही हात मातीवर टेकून बसला होता, आणि त्याची बोटं आपोआप हलत होती, गाठ मारल्यासारखी. पुढे तो रडला. म्हातारी माणसं रडतात तसा, आवाज न करता, नुसतं तोंड उघडं. श्रीहरीने त्याला उठवून बाजेवर बसवलं आणि पाणी दिलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही. नाही केलं, असंही म्हणाला नाही. शेफालीला सांगू का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "तिले मालूम हाय. तिनेच तर मारला होता."

निघताना तो फाटकापर्यंत आला. दिवस कलला होता, इसरूचा खोकला वाढला होता.

"सर, त्याले पाळीवरून ने," श्रीहरी म्हणाला. "सडकेचा रस्ता लंबा हाय, थंडी लागेल त्याले."

मी गाडी पाळीकडे वळवली. इसरूने पाठीवर थाप मारली नाही. मी म्हटलं, चला, एवढं तरी झालं. पाळीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा त्याने कमरेचा गमछा सोडला, खाली उतरला आणि मला काही न सांगता सडकेच्या दिशेने चालू लागला. मी गाडी बंद केली आणि ती ढकलत त्याच्या मागे गेलो. तीन किलोमीटर. वाटेत तो तीनदा बसला.